क्रेडिट सीमा ओलांडेल, पण कागदावरचं नाव जुळायला हवं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मुलांनी शिक्षणासाठी कोल्हापूर गाठणं काही नवीन नाही. अंतर फार नाही, पण मध्ये राज्याची हद्द आहे. हद्द ओलांडली की विद्यापीठ बदलतं, अभ्यासक्रम बदलतो, मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी हेलपाटे सुरू होतात. पदवी अर्ध्यावर असताना घरच्या अडचणीमुळे किंवा लग्न होऊन पलीकडे जावं लागलं, तर झालेलं शिक्षण बऱ्याचदा वायाच जायचं. ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून यूजीसीने जुलै २०२१ मध्ये 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' म्हणजेच 'एबीसी'चे नियम आणले. महाविद्यालयं हल्ली प्रवेशाच्या वेळी जो बारा अंकी 'अपार' क्रमांक मागतात, तो याच खात्याचा.

नावात बँक आहे, पैसे मात्र नाहीत. विषय पास झाला की त्याचे क्रेडिट खात्यात जमा होतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट लागतात, असा यूजीसीचा २०२२ चा आराखडा सांगतो. खातं डिजिलॉकरमधून विद्यार्थ्याने उघडायचं, पण भरणा संस्थेनेच करायचा. विद्यार्थ्याला स्वतः मार्कशीट अपलोड करून क्रेडिट मिळवता येत नाहीत. एकदा पदवीसाठी वापरलेलं क्रेडिट पुन्हा वापरता येत नाही. जमा क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. आणि ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथले किमान निम्मे क्रेडिट हवेतच. म्हणजे चार ठिकाणचं गोळा करून पाचव्या ठिकाणी पदवी मागता येणार नाही.

खात्यात भर घालणारा दुसरा मार्ग म्हणजे २०१७ मध्ये सुरू झालेलं 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन व्यासपीठ. २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. शिकायला पैसे पडत नाहीत. क्रेडिट हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. आयआयटींच्या 'एनपीटीईएल' कोर्समध्ये २५ गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वसाधारणपणे ३ क्रेडिट. मुलं फसतात ती दोन ठिकाणी. एक, कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेचीही नोंदणी झाली असं समजतात. ती वेगळी करावी लागते आणि तिची तारीख निघून जाते. दोन, आपलं महाविद्यालय तो कोर्स कोणत्या विषयाच्या बदल्यात धरणार, हे आधी विचारतच नाहीत. मग प्रमाणपत्र हातात असतं, पण क्रेडिट खात्यात येत नाही.

भाषेचा प्रश्न उरतोच. 'स्वयम्'वरचे बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत. 'एनपीटीईएल'च्या निवडक कोर्सची टिपणं मराठीसह काही भारतीय भाषांत मिळतात आणि 'एआयसीटीई'चं 'अनुवादिनी' हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं साधन तांत्रिक पुस्तकांच्या अनुवादासाठी वापरलं जातं. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला विषय समजून घ्यायला याचा उपयोग आहे. परीक्षेची तयारी मात्र इंग्रजीतूनच करायची, हे धरून चालावं.

तंत्रज्ञानाने रस्ता केला खरा, पण दोन राज्यांनी गाडी उलट्या दिशांना वळवली. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये नवीन शैक्षणिक धोरण सर्वांत आधी लागू केलं आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे गेलं. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवी रचना आली. त्यामुळे राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या दोन वर्षांचे क्रेडिट संगणकात दिसतील, पण त्यांतले कोणते विषय शिवाजी विद्यापीठाच्या रचनेत बसतात हे तिथलं विद्यापीठच ठरवणार. एबीसी हिशेब दाखवते, प्रवेशाची हमी देत नाही. इथल्या महाविद्यालयातून नाव काढण्याआधी तिकडून लेखी उत्तर घेतलेलं बरं.

आता नावाचं. खातं आधारवरून उघडतं आणि आधारवरचं नाव विद्यापीठाच्या नोंदीशी जुळावं लागतं. सीमाभागात नेमकं इथंच घोडं अडतं. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, इकडच्या कागदांवर बहुधा शेवटी, कधी नुसतं आद्याक्षर. त्यात कानडी आणि मराठी उच्चारांमुळे इंग्रजी स्पेलिंग बदलतं. मराठी माणूस 'ज्ञानेश्वर' लिहिताना इंग्रजीत 'डी'ने सुरुवात करतो, कानडी कारकून 'जे'ने. बेळगावातल्या व्हीटीयूच्या 'ज्ञानसंगम' या परिसराचं इंग्रजी नावही 'जे'नेच सुरू होतं! माणूस तोच, पण संगणकाला ही दोन माणसं वाटतात आणि क्रेडिट अडकून पडतात.

दुरुस्ती कुठे करायची, तर दहावीची मार्कशीट आधार धरून आधी आधार कार्डावर, मग महाविद्यालयाच्या नोंदीत. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, तेही बघावं. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि अनेक घरांत तो वडिलांच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असतो. हे काम पहिल्या सत्रातच उरकावं. शेवटच्या वर्षी निकालाच्या धामधुमीत महाविद्यालयाच्या ऑफिसात अशा अर्जांचा ढीग असतो.