पेकोरा, फर्डिनंड

(६ जानेवारी १८८२–७ डिसेंबर १९७१). अमेरिकन विधिज्ञ, सरकारी अभियोक्ता व न्यायाधीश. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यानंतर सीनेटच्या बँक व चलनविषयक समितीने जी चौकशी केली, तिचा प्रमुख वकील म्हणून तो प्रसिद्ध आहे. ही चौकशी पुढे ‘पेकोरा चौकशी’ याच नावाने ओळखली जाऊ लागली.

त्याचा जन्म सिसिलीतील निकोसीया येथे झाला. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत येऊन न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. त्यांना अपघात झाल्याने पेकोराला महाविद्यालय सोडून वकिलाच्या कचेरीत कारकुनी करावी लागली. न्यूयॉर्क लॉ स्कूलमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन १९११ मध्ये त्याने वकिलीची सनद मिळविली. १९१८ पासून बारा वर्षे तो जिल्हा अभियोक्त्याच्या कार्यालयात होता. या काळात त्याने शंभराहून अधिक ‘बकेट शॉप’ बंद पाडण्यास हातभार लावला. या पेढ्या ग्राहकाकडून शेअर खरेदीचे पैसे घेत. परंतु त्याची मागणी बाजारात न पाठविता भावाच्या चढउतारावर निव्वळ पैज लावीत. जमाखर्चाच्या वह्यांतून लबाडी हुडकण्याचे शिक्षण त्याला येथेच मिळाले.

जानेवारी १९३३ मध्ये समितीचा अध्यक्ष पीटर नॉर्बेक याने त्याला दरमहा २५५ डॉलर वेतनावर नेमले. चौकशी मागील वर्षापासून रेंगाळली होती आणि तिचा अहवाल लिहून काढणे एवढेच काम उरले आहे, असा समज होता. पेकोराने मात्र समन्स काढून बँकांची इतिवृत्ते, हिशेब व पत्रव्यवहार मागविले. प्रश्न विचारण्यापूर्वीच त्याचे उत्तर कागदोपत्री त्याच्या हाती असे; आवाज न चढविता तो साक्षीदाराला त्याच्याच दप्तरासमोर उभा करी.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नॅशनल सिटी बँकेचा अध्यक्ष चार्ल्स मिचेल याची साक्ष झाली. शेअर व कर्जरोखे विकण्यासाठी या बँकेने एक जोडकंपनी काढली होती. पेरू देशाच्या पतीविषयी स्वतःच्याच माणसांकडून प्रतिकूल अहवाल आलेले असताना या कंपनीने ते दडवून त्या देशाचे कर्जरोखे सामान्य ठेवीदारांच्या गळ्यात बांधले. मिचेलने १९२९ मध्ये आपले शेअर पत्नीला विकल्याचे दाखवून सुमारे २८ लाख डॉलरचा तोटा मांडला व प्राप्तिकर वाचविला, हेही उघड झाले. त्याने त्याच महिन्यात राजीनामा दिला. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. मात्र करासंबंधीचा दंड १९३८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

मे महिन्यात जे. पी. मॉर्गन (धाकटा) साक्षीस आला. या पेढीच्या भागीदारांनी १९३१ व १९३२ या वर्षी प्राप्तिकर मुळीच भरला नव्हता. निवडक प्रतिष्ठितांना बाजारभावाहून कितीतरी कमी दराने शेअर देण्यात येत. त्यांच्या यादीत माजी राष्ट्राध्यक्ष कूलिज व विद्यमान वित्तमंत्री वुडिन यांचीही नावे निघाली. याच सुमारास सर्कशीतील एका ठेंगण्या स्त्रीला मॉर्गनच्या मांडीवर बसविण्याचा प्रकार घडला. वृत्तपत्रांनी त्यालाच अवास्तव प्रसिद्धी दिली. चेस बँकेचा प्रमुख ॲल्बर्ट विगिन याने तर बाजार कोसळत असताना आपल्याच बँकेचे शेअर हाती नसताना विकून चाळीस लाख डॉलरहून अधिक नफा मिळविला होता आणि त्यासाठीचे भांडवलही बँकेकडूनच घेतले होते.

यांतील बहुतेक कृत्ये तत्कालीन कायद्यानुसार गुन्हा ठरत नव्हती. विगिनवर खटला भरण्याजोगे कलम नव्हते आणि मॉर्गनची करमुक्तीही भांडवली तोट्याच्या वजावटीमुळे वैध होती. त्यामुळे पेकोराच्या कामाचे मोल शिक्षा झालेल्यांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. ते नंतरच्या विधिनियमांत शोधावे लागते. १९३३ च्या प्रतिभूती अधिनियमाने नव्या विक्रीपूर्वी कंपनीची खरी माहिती जाहीर करणे बंधनकारक केले. त्याच वर्षीच्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी स्वीकारणाऱ्या बँका व रोखेविक्रीचा धंदा यांची फारकत केली. १९३४ च्या अधिनियमाने प्रतिभूती व विनिमय आयोग स्थापन झाला. संचालकांनी स्वतःच्या कंपनीचे शेअर हाती नसताना विकण्यास बंदी आली. हे कलम विगिनच्या साक्षीचेच फळ होय. कंपन्यांना आपले व्यवहार नियमांत बसतात की नाही हे तपासून घेण्यासाठी वकिलाचा सल्ला आवश्यक झाला, तोही याच कायद्यांमुळे. जोडकंपन्यांविरुद्धचा त्याचा पुरावा अपुरा होता, असे मत पुढे काही अर्थशास्त्रज्ञांनी मांडले. ग्लास-स्टीगल कायद्यातील फारकतीची प्रमुख कलमे १९९९ मध्ये रद्द झाली.

पेकोरा आयोगाच्या पहिल्या पाच सदस्यांपैकी एक होता. मात्र अध्यक्षपद जोसेफ केनेडी या माजी सट्टेवाल्याकडे गेले. जानेवारी १९३५ मध्ये पेकोराने राजीनामा दिला व तो न्यूयॉर्क राज्याच्या ‘सुप्रीम कोर्टा’चा न्यायाधीश झाला (या राज्यात हे नाव वरिष्ठ न्यायालयाला नसून खटले प्रथम चालविणाऱ्या न्यायालयाला आहे). चौकशीची हकीकत त्याने ‘वॉल स्ट्रीट अंडर ओथ’ (१९३९) या ग्रंथात सांगितली आहे. १९५० मध्ये न्यायाधीशपद सोडून त्याने न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढविली, पण व्हिन्सेंट इम्पेलिटेरीकडून तो पराभूत झाला व पुन्हा वकिलीकडे वळला. न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.