शिकवणाऱ्या विमानांची कवायत

हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या कसरती पथकाची नऊ विमानं एका बांधणीत उडतात तेव्हा क्षितिज, उंची आणि वेग यांचा हिशेब मुख्यतः एकच माणूस ठेवतो, पहिल्या क्रमांकाचा वैमानिक. बाकीच्यांची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते. दोन विमानांमधलं अंतर पाच मीटरपेक्षाही कमी होतं. लूप घेताना पायांखाली आभाळ येतं, शरीराचं वजन अनेक पटींनी वाढल्यासारखं वाटतं, तरी नजर हलवायची नाही. पुढचा चुकला तर आपणही त्याच्याबरोबर चुकणार, हे प्रत्येकाने आधीच मान्य केलेलं असतं. मला या पथकाचं सगळ्यात मोठं कौशल्य हेच वाटतं. कोलांट्या त्यानंतर येतात.

भारतीय हवाई दलाने १९८२ साली, आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हंटर या लढाऊ विमानांचं ‘थंडरबोल्ट्स’ हे कसरती पथक उभारलं होतं. ते मोडल्यावर काही वर्षं जागा रिकामी राहिली. १९९६ साली बिदरच्या हवाई तळावर विंग कमांडर कुलदीप मलिक यांच्या नेतृत्वाखाली सूर्यकिरण जन्माला आलं. लातूर-उदगीरच्या माणसाला बिदर म्हणजे शेजारचंच गाव. बहामनींच्या किल्ल्याचं हे शहर हवाई दलात ओळखलं जातं ते वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी. सुरुवातीला सहा विमानं होती, १९९८ पासून नऊ झाली.

यावेळी निवडलेलं विमान लढाऊ नव्हतं. ‘किरण’ हे प्रशिक्षणाचं विमान. त्यात गुरू आणि शिष्य खांद्याला खांदा लावून बसतात. पथकाचं नाव या विमानावरूनच पडलं, आणि त्याच्या जन्माशी एक मराठी नाव जोडलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले आणि पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी विमानांच्या आरेखनाची घडी बसवली. किरणचं काम त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं, नंतर राज महिंद्र यांनी ते पुढे नेलं. १९६४ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा उडालं. शिकणाऱ्याच्या चुका सोसायला बनवलेलं हे विमान तीस-बत्तीस वर्षांनी जगापुढे अचूकपणाचा नमुना म्हणून उभं राहिलं, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगलेला नाही.

अचूकपणाची किंमतही मोजावी लागली. मार्च २००६ मध्ये बिदरजवळ विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वॉड्रन लीडर शैलेंद्र सिंग गेले. जानेवारी २००९ मध्ये विंग कमांडर धालीवाल.

पथक थांबलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. प्रशिक्षणासाठी विमानं कमी पडत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये बंगळुरूच्या ‘एअरो इंडिया’ या हवाई प्रदर्शनात शेवटच्या कसरती करून किरण विमानं पुन्हा वर्गात गेली. कसरतींपेक्षा नव्या वैमानिकाचं शिकणं महत्त्वाचं ठरलं. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्यच वाटतो.

२०१५ पासून पथक पुन्हा बांधलं जाऊ लागलं. विमान बदललं, पण ‘हॉक’ हेही प्रशिक्षणाचंच विमान. २०१७ पर्यंत पथकातली विमानं नऊ झाली. आभाळात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांची युक्ती साधी आहे: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात डिझेल सोडायचं, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचा दाट पांढरा पट्टा होतो. रंग हवा असेल तर डिझेलबरोबर रंगद्रव्य लागतं. हॉकला तिरंगी धूर सोडता यावा यासाठीचे पॉड नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या रेघांना. त्यामागे मेकॅनिकचे हात आहेत, हे सांगायला कुणी ध्वनिक्षेपक हातात घेत नाही.

१९ फेब्रुवारी २०१९ ला, एअरो इंडियाच्या आदल्या दिवशी, बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर सराव चालू असताना दोन हॉक आकाशात एकमेकांवर आदळले. दोन वैमानिक बाहेर पडून वाचले. विंग कमांडर साहिल गांधी वाचले नाहीत. चारच दिवसांनी पथक त्याच आभाळात परतलं. एक जागा मोकळी सोडून विमानं उडाली, आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येकाने आपलं अंतर नेहमीसारखंच राखलं.