पाँटिफ्रॅक्ट : राजबंद्यांचा किल्ला

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात एका खडकाळ उंचवट्यावर पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. नॉर्मन विजयानंतर १०७०च्या सुमारास इल्बर्ट द लेसी या सरदाराने उभारलेला हा किल्ला पुढे लँकेस्टर घराण्याकडे, म्हणजे राजकुळाच्याच एका बलाढ्य शाखेकडे, गेला. उत्तरेच्या वाटांवर वचक ठेवणे हे त्याचे उघड काम होते. मात्र लंडनपासून दूर आणि विश्वासू माणसांच्या ताब्यात असल्यामुळे, नकोसे झालेले राजबंदी ठेवण्यासही तो सोयीचा ठरला.

१३२२ साली दुसऱ्या एडवर्डविरुद्ध बंड करणारा लँकेस्टरचा अर्ल थॉमस (अर्ल ही वरिष्ठ सरदारांची पदवी) लढाईत पकडला गेला, तेव्हा त्याच्याच या किल्ल्यात त्याच्यावर खटला चालवून, बाजू मांडण्याची मुभाही न देता, जवळच्या टेकडीवर त्याचा शिरच्छेद करण्यात आला. उघड वधाची किंमत राजाला लगेच कळली, कारण लोक थॉमसला संत मानू लागले आणि त्याच्या थडग्याकडे यात्रेकरूंची रीघ लागली. पाचच वर्षांनी खुद्द एडवर्ड पदच्युत होऊन बर्कलीच्या किल्ल्यात बंदिवासात मरण पावला, आणि त्या वेळी ना खटला झाला, ना वधस्तंभ उभा राहिला.

दुसऱ्या रिचर्डच्या बाबतीत हीच रीत अधिक सफाईने वापरली गेली. त्याने लँकेस्टर घराण्याचा वारसा जप्त केला होता. १३९९ मध्ये त्याच घराण्यातील त्याचा चुलतभाऊ हेन्री चौथा हेन्री म्हणून गादीवर बसला, आणि जन्मठेप झालेला रिचर्ड लँकेस्टरांच्याच पाँटिफ्रॅक्टमध्ये येऊन पडला. जानेवारी १४०० मध्ये त्याला सोडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हाच त्याचे जगणे अवघड झाले. फेब्रुवारीतल्या राजमंडळाच्या नोंदीत असा सल्ला आहे की, रिचर्ड जिवंत असल्यास त्याला कडक बंदोबस्तात ठेवावे आणि मेला असल्यास त्याचे प्रेत लोकांना दाखवावे. राज्यकारभार चालवणाऱ्यांनी कैदेतील राजाविषयी असे दुहेरी लिहावे, हे अज्ञानापेक्षा सावधपणाचे लक्षण वाटते.

त्याच महिन्यात रिचर्ड वारला. त्याचा चेहरा उघडा ठेवून प्रेत लंडनला नेण्यात आले, तरीही स्कॉटलंडमध्ये एक तोतया अनेक वर्षे रिचर्ड म्हणून वावरला. दुःखाने रिचर्डने अन्न सोडले, असे नव्या राजाच्या बाजूचे लोक सांगत, तर विरोधक त्याला उपाशी मारल्याचे म्हणत. शेक्सपिअरच्या नाटकात मात्र एक्स्टन नावाचा सरदार हल्ला करून त्याला ठार मारतो. १८७१ मध्ये वेस्टमिन्स्टरमधील थडगे उघडले असता कवटीवर घावाची खूण आढळली नाही, त्यामुळे डोक्यावर वार झाल्याच्या कथेचा आधार गेला. उपासमार कोणाच्या इच्छेने झाली, हे मात्र हाडे सांगू शकत नाहीत.

१४८३ मध्ये बालराजा पाचव्या एडवर्डचा मामा अर्ल रिव्हर्स आणि सावत्र भाऊ रिचर्ड ग्रे यांनाही इथेच मारण्यात आले. पुढे राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात किल्ल्याला तीनदा वेढा पडला. जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा लंडनमध्ये खटल्यानंतर सर्वांसमक्ष शिरच्छेद झाला, तेव्हा पाँटिफ्रॅक्टच्या शिबंदीने त्याच्या मुलाला राजा मानून त्याच्या नावाची नाणी पाडली. मार्चमध्ये ती शरण आली, आणि वेढ्यांना कंटाळलेल्या नगरवासीयांच्याच विनंतीवरून त्याच वर्षी किल्ला पाडण्यात आला. त्या आवारात नंतर ज्येष्ठमधाची लागवड होऊ लागली.