दर, दिवस आणि न्याय्य वेतन

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे आणि वारे ही गावे आहेत. तेथील समुद्रकिनारा पर्यटकांच्या परिचयाचा असला, तरी या पट्ट्यातील मजुरीचे गणित त्यांच्या नजरेस सहसा पडत नाही. हापूसचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे असा असतो, जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते आणि पर्यटनाचा व्यवसाय सुट्ट्यांवर अवलंबून असतो. येथे कुटुंबाचे उत्पन्न केवळ रोजच्या दरावर नव्हे, तर काम मिळालेल्या दिवसांवर ठरते.

कमी वेतनाची दोन रूपे आहेत. पूर्णवेळ कामगाराला रोज काम असते. परंतु दर अल्प आणि तास अधिक असतात. अर्धवेळ किंवा हंगामी कामगाराचा दर एखादे वेळी बरा असतो. परंतु दिवस थोडे असतात. समजा, एखाद्यास दिवसाला ४०० रुपये मिळतात आणि वर्षात १०० दिवस काम मिळते. त्याचे वार्षिक उत्पन्न ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसामागे सुमारे ११० रुपये होते. दर पाहून समाधान मानणाऱ्याने हा हिशेबही पाहावा.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १९५७ साली १५ व्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरविताना एका कमावत्या व्यक्तीमागे तीन उपभोग-एकके धरली आणि स्त्रिया व मुले यांची कमाई हिशेबात घेऊ नये असे सुचविले. एकाच्या वेतनात कुटुंब जगावे, हा त्यामागील हेतू चांगला होता. व्यवहारात मात्र स्त्रीची कमाई म्हणजे घरखर्चाला हातभार, मग ती थोडी असली तरी चालेल, अशी समजूत रूढ आहे. अंगणवाडी सेविकांच्या मोबदल्यास आजही ‘मानधन’ म्हटले जाते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान अर्थात ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला, ही समाधानाची बाब आहे.

समान वेतनाचा कायदा देशात १९७६ पासून आहे. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगभेदावरून वेतनात फरक करण्यास तीत मनाई आहे. मात्र आंबे उतरविणे पुरुषांचे आणि ते निवडून पेट्या भरणे स्त्रियांचे, अशी विभागणी झाली की कामे निराळी ठरतात आणि समानतेचे कलम लागू करणे कठीण होते. अशा वेळी किमान वेतनाचा आधार उरतो; त्याच्या दरात स्त्री-पुरुष भेद नाही.

याच संहितेतील पुढील तरतुदी प्रत्येक कामगाराने जाणून घ्याव्यात. दिवसाच्या दराने ठेवलेल्या कामगारास मालकाने पूर्ण वेळ काम दिले नाही, तरी तो सामान्यतः पूर्ण दिवसाच्या किमान वेतनास पात्र ठरतो. जादा कामाचे वेतन दुप्पट दराने द्यावे लागते. वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. शेती वा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्यास यातून सूट आहे; तथापि निरीक्षकाने मागितल्यास वेतन दिल्याचा पुरावा त्यासही दाखवावा लागतो. थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. म्हणून कामाचे दिवस, तास व मिळालेली रक्कम यांची नोंद साध्या वहीत का होईना, ठेवणे हिताचे आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात असे प्रतिपादन केले की, कामगाराने गरजेपोटी मान्य केलेले प्रत्येक वेतन न्याय्य ठरत नाही; त्यात त्याचा उदरनिर्वाह व्हायला हवा. आपणही कुणाचे तरी मालक असतो. घरकामाच्या बाईंचे, बागेतील गड्याचे वेतन ठरविताना ‘चालू भाव काय?’ एवढेच न विचारता, ‘एवढ्यात त्यांचे वर्ष निघेल काय?’ हाही प्रश्न आपण स्वतःस विचारावा.