एका दुर्बिणीचा जीर्णोद्धार

मनुष्याप्रमाणें यंत्रालाही चरित्र असतें. मनुष्याचें चरित्र त्याच्या पत्रांतून व स्नेह्यांच्या आठवणींतून जुळवावें लागतें. यंत्राचें चरित्र त्याच्या अंगावरील ओरखड्यांतून, बदललेल्या भागांतून आणि त्याच्या पेटींत पडलेल्या किरकोळ वस्तूंतून वाचावें लागतें. जुनें देवालय पडावयास आलें म्हणजे आपण त्याचा जीर्णोद्धार करतों. भिंत मजबूत व्हावी, शिखर गळूं नये, परंतु आंतील मूर्ति मात्र तीच राहावी, अशी त्या वेळीं आपली इच्छा असते. जुन्या दुर्बिणीच्या बाबतींतही नेमका हाच विवेक करावा लागतो. तो कसा, हें अमेरिकेंतील एका नामांकित दुर्बिणीच्या हकीकतीवरून चांगलें समजून येईल.

प्रथम दुर्बिणीच्या जातीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दुर्बिणी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक आरशाची व दुसरी भिंगाची. भिंगाच्या दुर्बिणींत आकाशाकडील टोंकास मोठें वस्तुभिंग असतें व डोळ्याकडील टोंकास लहान नेत्रभिंग असतें. गॅलिलिओनें १६०९ सालीं आकाशाकडे वळविलेली दुर्बीण ह्याच जातीची होती. परंतु एकेरी भिंगांत एक मोठा दोष आहे. निरनिराळ्या रंगांचे किरण त्यांतून निरनिराळ्या अंतरावर एकत्र येतात व ताऱ्याभोंवतीं रंगीत कडा दिसते. इंग्लंडांत चेस्टर मूर हॉल यानें व पुढें १७५८ सालीं पेटंट घेणाऱ्या जॉन डॉलंड यानें ह्यावर तोड काढली. क्राउन नांवाच्या हलक्या काचेचें एक भिंग व फ्लिंट नांवाच्या जड काचेचें दुसरें, अशी जोडी केली असतां एकाचा दोष दुसरें बव्हंशीं फेडतें. तेव्हांपासून चांगल्या दुर्बिणीचें वस्तुभिंग म्हणजे दोन भिंगांचा संसार झाला. आणि संसाराप्रमाणेंच त्या दोघांमधील अंतर व त्यांची परस्परांशीं असलेली बाजू बिघडली कीं सर्व बिघडलें!

ही भिंगें घासण्यांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील अल्व्हन क्लार्क आणि सन्स ह्या पेढीनें एकोणिसाव्या शतकांत जगभर कीर्ति मिळविली. वडील क्लार्क हे मूळचे व्यक्तिचित्रें काढणारे चित्रकार. १८६२ सालीं त्यांचा मुलगा अल्व्हन ग्रॅहॅम हा साडेअठरा इंची नव्या भिंगाची परीक्षा पाहत असतां त्यास लुब्धकाशेजारीं एक अत्यंत मंद तारा दिसला. लुब्धकाचा हा सोबती असला पाहिजे असें गणितावरून ठरलें होतें. तो प्रत्यक्ष दिसला तो भिंग तपासतांना. आजही जगांतील सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण म्हणून मानली जाणारी यर्क्स वेधशाळेची ४० इंची दुर्बीण हिचें भिंगही ह्याच पेढीचें.

आपल्या कथेची नायिका मात्र ४० इंची नव्हे, २४ इंची आहे. पर्सिव्हल लोवेल ह्या धनिक गृहस्थांनीं १८९४ सालीं अ‍ॅरिझोनांतील फ्लॅगस्टाफ गांवीं, सात हजार फुटांहून अधिक उंचीवर, वेधशाळा स्थापन केली. तिच्यासाठीं त्यांनीं क्लार्क पेढीकडून २० हजार डॉलर देऊन ही दुर्बीण करविली. ती १८९६ सालीं फ्लॅगस्टाफला पोंचली. नळीची लांबी सुमारें ३२ फूट. त्याच वर्षींच्या हिंवाळ्यांत ती मेक्सिकोंतील टाकुबाया येथें नेण्यांत आली व पुढच्या वर्षीं परत आणण्यांत आली.

ह्या दुर्बिणीतून लोवेल ह्यांनीं मंगळावर कालवे पाहिले. निदान पाहिले असें त्यांस वाटलें. ते कालवे बुद्धिमान प्राण्यांनीं खणलेले असावेत असें त्यांनीं ग्रंथ लिहून प्रतिपादिलें. शुक्रावरही त्यांस चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. आज आपणांस माहीत आहे कीं, मंगळावर कालवे नाहींत आणि शुक्राचा पृष्ठभाग दाट ढगांनीं सदैव झांकलेला आहे. मग उत्तम भिंगांतून सुशिक्षित मनुष्यास नसलेल्या रेषा दिसल्या कशा? येथें एक लहानसें उपांग आपल्या मदतीस येतें. वस्तुभिंगापुढें उघडझांप करणारा एक गोल पडदा बसविलेला होता. शुक्राचें तेज फार. तें कमी करण्यासाठीं लोवेल तो पडदा इतका मिटीत कीं, २४ इंचांपैकीं तीन इंचांच्या आसपासच भिंग उघडें राही. इतक्या बारीक किरणशलाकेंत पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची छाया त्यास दिसूं लागते. लोवेल ह्यांनीं शुक्र म्हणून स्वतःच्याच नेत्रपटलाचा नकाशा काढला असावा, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तो पडदा निरुपयोगी लोखंड म्हणून कोणी फेंकून दिला असता, तर ह्या चुकीचा खुलासा करणें किती कठीण झालें असतें!

दुसरें उपांग ह्याहून महत्त्वाचें. पिट्सबर्गचे जॉन ब्रॅशिअर ह्यांनीं ह्या दुर्बिणीसाठीं एक वर्णपटलेखक बनविला. म्हणजे ताऱ्याचा प्रकाश लोलकानें फांकून त्याचें छायाचित्र घेणारें यंत्र. वेधशाळेंतील व्ही. एम्. स्लायफर ह्या तरुण ज्योतिर्विदानें तो दुर्बिणीच्या टोंकास जोडला व १९१२ सालीं देवयानी नक्षत्रांतील तेजोमेघाकडे रोंखला. एकेका छायाचित्रास कित्येक तास, प्रसंगीं एकाहून अधिक रात्री लागत. त्या चित्रांवरून असें निघालें कीं, तो तेजोमेघ सेकंदास सुमारें ३०० किलोमीटर वेगानें आपल्याकडे येत आहे. इतका वेग तोंपर्यंत आकाशांत कोणीं मोजला नव्हता. १९१७ पर्यंत स्लायफर ह्यांनीं २५ तेजोमेघ मोजले. त्यांपैकीं २१ आपल्यापासून दूर धांवत असल्याचें दिसून आलें. विश्व प्रसरण पावत आहे ह्या सिद्धान्ताचा पाया ह्या आंकड्यांनीं घातला. एडविन हबल ह्यांनीं १९२९ सालीं अंतर व वेग ह्यांचा संबंध दाखविला, तेव्हां वेगांचे आंकडे बहुतांशीं स्लायफर ह्यांचेच होते.

म्हणजे पाहा, एकच भिंग; एका उपांगामुळें त्याच्यापुढें भ्रम उभा राहिला व दुसऱ्यामुळें सत्य. नुसती चकचकीत नळी जपून ठेविली असती तर ही दोन्ही प्रकरणें मुकी झालीं असतीं. दुर्बिणीच्या जीर्णोद्धाराचें पहिलें सूत्र हें कीं, उपांगें ही दुर्बिणीचा अर्धा देह होत.

पुढें १९६० नंतरच्या दशकांत चंद्रावर मनुष्य पाठविण्याच्या तयारीसाठीं नकाशे काढणारे कारागीर ह्याच दुर्बिणीशीं रात्री काढीत. त्यानंतर ती सर्वसामान्य लोकांस आकाश दाखवूं लागली. परंतु सव्वाशें वर्षांच्या सुमारास पोंचलेलें यंत्र किती काळ तग धरणार? तेल सुकलें होतें, चाकें झिजलीं होतीं, हालचाल अवघड झाली होती. जानेवारी २०१४ मध्यें वेधशाळेनें तिला सुटी करून खालीं उतरविलें. भाग स्वच्छ करण्यांत आले, झिजलेले दुरुस्त करण्यांत आले, भिंगें काढून धुण्यांत आलीं, व सुमारें वीस महिन्यांनीं, ऑक्टोबर २०१५ मध्यें, ती पुन्हां लोकांसाठीं खुली झाली.

आतां ह्या कामांतला खरा पेंच पाहूं. तिचा लांकडी घुमट १९५४ सालच्या फोर्ड मोटारीच्या रबरी चाकांवर फिरतो. दुर्बिणीस चिकटविलेल्या एका लहान शोधक दुर्बिणीचें झांकण म्हणून चक्क स्वयंपाकघरांतील तळणीचें भांडें वापरलेलें आहे! ह्या गोष्टी १८९६ च्या नव्हेत. शुद्धतेचा आग्रह धरणारा म्हणेल, त्या काढून टाका. पण गरजेच्या वेळीं हातीं लागेल त्यानें काम भागविणाऱ्या माणसांचा वारसा त्यांतच आहे. आमच्या मतें ह्याचा निवाडा असा: ज्या बदलामुळें यंत्राचें काम चाललें तो त्याच्या चरित्राचा भाग होय व तो ठेवावा, ज्यामुळें भिंगास अपाय होतो किंवा काम अडतें तो काढावा, पण फेंकूं नये, आणि जें कांहीं नवें घालाल त्याची नोंद करून ठेवावी.

एवढी मोठी दुर्बीण आपल्या वाट्यास येण्याचा संभव नाहीं. परंतु एखाद्या जुन्या शाळेंत, महाविद्यालयाच्या अडगळींत किंवा एखाद्या घरच्या पेटाऱ्यांत पितळी भिंगाची दुर्बीण निघणें मुळींच अशक्य नाहीं. तशी निघाली तर वाचकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात.

प्रथम हात लावण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत. मग नांव शोधावें. तें बहुधा नेत्रभिंगाकडील पितळी भागावर कोरलेलें असतें. परंतु नांवावर एकदम विश्वास ठेवूं नये. कोरलेलें नांव पुष्कळदां बनविणाऱ्याचें नसून विकणाऱ्याचें असतें. आणि डॉलंडच्या नांवाचा लौकिक एवढा होता कीं, त्या नांवाच्या नकला पुष्कळ झाल्या. नांवाचें रूप मात्र कालनिर्णयास उपयोगी पडतें. यॉर्क येथील कुक पेढी १९२२ सालीं दुसऱ्या पेढीशीं एक होऊन ‘कुक, ट्रॉटन आणि सिम्स’ झाली. तेव्हां नुसतें ‘टी. कुक आणि सन्स’ असेल तर दुर्बीण बहुधा त्यापूर्वींची समजावी. क्लार्क पेढीच्या दुर्बिणींची यादी डेबोरा जीन वॉर्नर ह्या विदुषींनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केली; अशा याद्यांशीं माप ताडून पाहावें. मापें दोन: वस्तुभिंगाचा उघडा व्यास, आणि दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडून मिळणारें केंद्रांतर.

दुसरें, वस्तुभिंगासमोर दिवा धरून त्यांतील प्रतिबिंबें मोजावींत. सुट्या दोन भिंगांच्या चार पृष्ठभागांचीं चार प्रतिबिंबें दिसतात. भिंगें चिकटविलेलीं असल्यास मधलें फारच मंद दिसतें. एवढ्यावरून भिंग न काढतां त्याची जात कळते. काढणें अगदीं भाग पडलें तर दोन्ही भिंगांच्या कडेवर पेन्सिलीनें एक सरळ खूण करावी; कोणतें आधीं, कोणती बाजू आंत व एक दुसऱ्याशीं किती फिरलेलें आहे, हें त्या खुणेवरून कळतें. जुन्या कारागिरांच्या खुणा तेथें असतील तर त्या पुसूं नयेत. दोन भिंगांमध्यें कडेला कथिलाच्या वर्खाचे तीन बारीक तुकडे सांपडले तर ते कचरा समजून टाकूं नयेत. तेच त्यांच्यामधील अंतर राखतात. चांगल्या दुर्बिणी निकामी झाल्या आहेत त्यांपैकीं पुष्कळ भिंग उलटें बसविल्यामुळें, काच खराब झाल्यामुळें नव्हे.

तिसरें, स्वच्छता. धूळ रबरी फुग्यानें उडवावी. त्यानंतरच, अवश्य असेल तर, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजविलेला कापूस भार न देतां फिरवावा. कांहीं धुळीचे कण फार झाले तरी थोडा प्रकाश अडवितात, पण एक ओरखडा कायमचा राहतो. आपल्याकडील पावसाळ्यांत भिंगावर बुरशी धरते व ती काच खाते. म्हणून ओल शोषणाऱ्या खड्यांसह, उजेड व हवा लागेल अशा जागीं दुर्बीण ठेवावी. पितळेस चिंच व राख लावण्याचा मोह घरांतील मंडळींस अवश्य होईल. तो आवरावा. जुन्या पितळेवर पातळ सोनेरी रोगण असतें. तें व कोरीव नांव दोन्ही घासण्यानें जातात, आणि मग दुर्बीण स्वच्छ दिसते पण निनांवी होते.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. जुन्या पेटींत नेत्रभिंगावर बसविण्याची काळ्या काचेची लहान टोपी असते. ती सूर्य पाहण्यासाठीं दिलेली असते. ती जपून ठेवावी, पण तिचा उपयोग कधींही करूं नये. एकवटलेल्या उष्णतेनें ती क्षणांत तडकते व डोळा कायमचा जातो. तिच्यावर चिठी लावून ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीतील मुलास ती खेळणें वाटणार नाहीं.

दुर्बिणीचें सार्थक मात्र कपाटांत बसण्यांत नाहीं. फ्लॅगस्टाफची दुर्बीण दुरुस्त झाली ती पुन्हां लोकांनीं तिच्यांतून पाहावें म्हणून. ज्या भिंगाशीं लोवेल चुकले व स्लायफर जिंकले, त्याच भिंगाशीं आज एखादें लहान मूल शनीचें कडें पाहून चकित होऊन मागें वळतें. ज्या घरांत जुनी दुर्बीण असेल त्या घरानें एका निरभ्र रात्रीं ती गच्चीवर न्यावी, चंद्राकडे वळवावी, आणि जो कोणी पाहील त्याचें नांव व तारीख पेटीच्या झांकणाच्या आंत लिहून ठेवावी. यंत्राचें चरित्र तेवढ्यानें एका ओळीनें पुढें जाईल.