खिडकीपुढचा खड्डा आणि घरातले भात



पनवेल भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शेजारचा रस्ता दर दुरुस्तीला थोडा चढतो, बाजूच्या जागेत मुरमाचा भराव पडतो आणि जुन्या घराचे जोते खाली राहते. उतारावरच्या घराची मागची खोली तर निम्मी जमिनीतच असते. तिची खिडकी मातीला टेकली की पागोळ्यांचे पाणी सरळ आत येते. याच खोलीत दिवाळीपर्यंत खायचे भात असते.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. दुपाखी छपराची मागची बाजू २५ चौरस मीटर असेल, तर १०० मिलिमीटर पावसात २,५०० लिटर पाणी भिंतीच्या पायाशी पडते. म्हणून प्रथम वळचणीला पन्हळ लावून हे पाणी दूर न्यावे.

खिडकी बुजवू नये. वारा बंद झाला की ओल कोंडते आणि भाताला बुरशी धरते. खिडकीपुढे बांधीव खड्डा करावा, तो असा:

१. रुंदी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा फूट जास्त, भिंतीपासून अंतर अडीच ते तीन फूट.

२. तळ खिडकीच्या खालच्या कडेपेक्षा निदान ८ इंच खाली. पायाच्या खाली मात्र खणू नये. मातीत बांधलेली भिंत खचते.

३. तळातून ४ इंची पाइप, दर ८ फुटांस १ इंच उतार देऊन, सखल जागेत सोडावा. तोंडाला जाळी लावून वर ६ इंच खडी पसरावी.

४. तिन्ही बाजूंनी विटा किंवा चिऱ्यांचे सिमेंटात बांधकाम करून ते जमिनीच्या वर ६ इंच आणावे. बाहेरच्या मातीला घरापासून दूर उतार द्यावा.

५. वर लोखंडी जाळी बसवावी. मुले व वासरे पडत नाहीत, वाराही खेळतो.

पाइप सोडण्यास सखल जागा नसेल तर हा खड्डा करूच नये. तो पाण्याने भरून पाणी खिडकीतूनच आत येईल. अशा वेळी खालची खिडकी पक्की बंद करून वर छपराजवळ झरोका ठेवावा आणि भात वरच्या खोलीत न्यावे.

काम झाल्यावर दहा-बारा बादल्या पाणी ओतून पाहावे. पाणी तुंबले तर उतार चुकला आहे, असे समजावे. मृगापूर्वी आणि पुन्हा श्रावणात पालापाचोळा काढावा.

भाताच्या गोणी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचाव्यात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा पावसात नदी-ओढ्याचे पाणी चढते, तेव्हा हा खड्डा उपयोगी पडत नाही. नदीकाठच्या घरांनी धान्य आधीच उंचावर हलवावे. बाकीच्यांनी पावसाआधी दोन-तीन दिवस काढले, तर घरातले भात कोरडे राहील.