दाढेचे भरण : कठीण म्हणजे टिकाऊ नव्हे

किडलेली दाढ भरून घेताना ‘सर्वांत कठीण पदार्थच भरा’ असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. परंतु काठिण्य आणि झीज सोसण्याची शक्ती हे दोन भिन्न गुण आहेत.

नूप मापनपद्धतीनुसार दातावरील इनॅमलचे काठिण्य सुमारे ३४० भरते. चांदी-पाऱ्याच्या मिश्रणाचे केवळ ११०च्या आसपास. तरीही ते दाढेत वर्षानुवर्षे टिकते. मात्र पाऱ्यामुळे युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय अपवाद वगळता, त्याचा वापर बंद झाला आहे. उलट पोर्सेलिनचे काठिण्य सुमारे ४६०. ते स्वतः फारसे झिजत नाही. पण त्याचा पृष्ठभाग खरखरीत राहिल्यास समोरचा निरोगी दात झिजतो.

दातांच्या रंगाच्या कंपोझिटमध्ये मऊ रेझिन आधी झिजते, मग काचेचे कण उघडे पडून निखळतात. म्हणून आता अतिसूक्ष्म कण दाटीने भरतात. ग्लास आयनोमर सिमेंट दाताला चिकटते, फ्लोराइडही पुरवते. परंतु चावण्याच्या जागी लवकर झिजते.

तेव्हा भरण निवडताना त्याची जागा आणि समोरचा दात, दोन्ही पाहावे लागतात. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्यांना ते आधीच अवश्य सांगावे.